परदेशातल्या ट्रेडमार्कचं नूतनीकरण: दहा वर्षांपूर्वीची फाईल पुन्हा उघडताना

आमच्या घरच्या कांदा-लसूण मसाल्याचं नाव वडिलांनी २०१४ मध्ये परदेशात नोंदवलं. अमेरिका, ब्रिटनसह युरोप आणि ऑस्ट्रेलिया. २०२४ मध्ये दहा वर्षं भरत आली तेव्हा नूतनीकरणाचं काम माझ्याकडे आलं. पैसे भरायचे आणि पावती फाईलला लावायची, एवढंच काम आहे असं मी समजत होतो. फाईल घेऊन बसलो तेव्हा कळलं की अमेरिकेतली आमची नोंदणी दोन वर्षांपूर्वीच रद्द झाली होती. तिथं सहाव्या वर्षी एक घोषणापत्र द्यावं लागतं, ते आमच्याकडून गेलंच नव्हतं. त्या दोन वर्षांत न्यू जर्सीला माल जातच होता, पाकिटावर नोंदणीची खूण छापलेली होती आणि नोंदणी मात्र अस्तित्वात नव्हती.

त्यानंतर आमच्या कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतले, हुपरीच्या चांदीतले आणि चपलेच्या धंद्यातले बरेच ओळखीचे लोक हाच विषय घेऊन भेटले. मी वकील नाही. पण या कामात कुठं पाय अडकतो ते आता पक्कं ठाऊक आहे, म्हणून पहिल्यांदाच हे काम करणाऱ्यासाठी सगळं क्रमानं लिहितो.

आधी नोंदणी कोणत्या वाटेनं झाली ते शोधा

ट्रेडमार्क देशापुरता असतो. भारतातल्या नोंदणीचं नूतनीकरण टीएम-आर फॉर्मवर होतं, ऑनलाइन भरलं तर एका वर्गाला, म्हणजे मालाच्या एका ठरावीक प्रकाराला, ९,००० रुपये पडतात. ते केल्यानं दुबईतली किंवा लंडनमधली नोंदणी एक दिवसही पुढं सरकत नाही. ‘मुंबईला पैसे भरले, आता दहा वर्षं बघायला नको’ असं म्हणणारे दोन जण तरी मला भेटले आहेत, म्हणून हे सुरुवातीलाच सांगतो.

परदेशातली नोंदणी तीनपैकी एका वाटेनं झालेली असते. पहिली, त्या देशाच्या कार्यालयात थेट. दुसरी, एका अर्जात अनेक देश, म्हणजे माद्रिद प्रोटोकॉल. भारत त्यात ८ जुलै २०१३ पासून आहे आणि सगळी नोंद जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे, म्हणजे वायपोकडे असते. तिसरी वाट युरोपियन युनियनची: स्पेनमधल्या आलिकान्ते इथल्या कार्यालयात एक नोंदणी केली की सगळ्या सदस्य देशांत चालते.

फाईलमधलं प्रमाणपत्र बघा, वर कुणाचं नाव छापलंय त्यावरून वाट कळते. प्रमाणपत्र सापडलं नाही तर वायपोच्या संकेतस्थळावर ‘माद्रिद मॉनिटर’ आहे. तिथं मालकाचं नाव किंवा चिन्ह टाकून फुकट शोधता येतं. अमेरिका, ब्रिटन, युरोप यांच्या नोंदवह्याही ऑनलाइन खुल्या आहेत. शोधताना इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन प्रकारे टाकून बघा. आपल्याकडच्या नावांची स्पेलिंगं अर्जागणिक बदललेली असतात.

एकाच नावाच्या दोन वाटांनी दोन नोंदण्या असू शकतात. आधी एजंटानं थेट केलेली, मग माद्रिदमधून पुन्हा केलेली. दोन्ही सापडल्या तर दोन्ही कागदावर घ्या. कुठली सोडायची याचा निर्णय नंतर.

तारखांचा एक कागद करा

माझ्या मते सगळ्या कामातला हा सर्वांत मोलाचा अर्धा तास आहे. एका कागदावर प्रत्येक देशासमोर चार गोष्टी लिहा: नोंदणी क्रमांक, मुदत संपण्याची तारीख, मधल्या काळात काही द्यायचं असतं का, आणि सवलतीचा शेवटचा दिवस.

बहुतेक देशांत मुदत दहा वर्षांची असते, पण ती कधीपासून मोजायची हे सारखं नसतं. भारत, ब्रिटन आणि युरोपियन युनियन अर्जाच्या तारखेपासून मोजतात. अमेरिका, चीन आणि जपान नोंदणी झाल्याच्या तारखेपासून. अर्ज आणि नोंदणी यांत सहज वर्ष-दीड वर्षाचं अंतर पडतं, त्यामुळे एका देशाची तारीख दुसऱ्याला लावली की चुकलीच.

काही देशांत मुदतच वेगळी असते. नेपाळमध्ये ती सात वर्षांची आहे, आणि नेपाळ माद्रिदमध्ये नाही. गूळ किंवा मसाला काठमांडूला पाठवणाऱ्यानं हा आकडा डोक्यात ठेवावा. बांगलादेशात पहिली मुदत सात वर्षांची आणि नूतनीकरणानंतर दहाची. कॅनडात पूर्वी पंधरा वर्षं मिळायची, १७ जून २०१९ पासून ती दहा झाली, म्हणून जुन्या आणि नव्या प्रमाणपत्रांवरचे हिशेब जुळत नाहीत. सौदी अरेबियात दहा वर्षं असतात, पण हिजरी. हिजरी वर्ष ३५४-३५५ दिवसांचं. दहा वर्षांत साडेतीन महिने कमी भरतात. आपल्या कॅलेंडरवर दहा वर्षं मोजून निवांत बसलेला माणूस तिथं मुदत उलटून गेल्यावर जागा होतो.

मुदत संपल्यावर सहा महिन्यांची सवलत जवळजवळ सगळीकडे असते, जादा शुल्क भरून. याचं मूळ पॅरिस करारात आहे. हा करार १८८३ चा, भारत त्यात डिसेंबर १९९८ पासून आहे, आणि नूतनीकरणाच्या शुल्कासाठी निदान सहा महिन्यांची सवलत द्यावी असं त्यात आहे. ही सवलत आपली म्हणून हिशेबात धरू नका. आजारपण, बँकेची अडचण, कुणाचा मृत्यू, अशा वेळेसाठी ती राखून ठेवायची.

आमच्या घरी लक्ष्मीपूजनाला वह्यांची पूजा होते. अमेरिकेची नोंदणी गेल्याचं कळलं तेव्हापासून आम्ही हा तारखांचा कागद वहीबरोबर पूजेला ठेवतो आणि उचलताना वाचून काढतो. पुढच्या दिवाळीपर्यंत कुठलीही तारीख येत असेल तर त्याच आठवड्यात काम सुरू. मोबाईलमध्ये आठवण लावाच, पण मोबाईल बदलतो आणि ज्याच्या मोबाईलमध्ये आठवण होती तो मुलगा पुण्याला नोकरीला जातो. वही घरातच राहते.

नोंदणी कुणाच्या नावावर आहे?

नूतनीकरणाचा अर्ज भरण्याआधी मालकाच्या नावाची ओळ सावकाश वाचा. आपल्याकडचे बहुतेक धंदे घरचे. दहा वर्षांपूर्वी वडिलांची एकट्याची मालकी होती, मग भावांची भागीदारी झाली, मग कुणी प्रायव्हेट लिमिटेड केली. पत्ता लक्ष्मीपुरीतल्या पेढीचा होता, आता कारखाना शिरोलीला आहे. नोंदवहीत मात्र अजून वडिलांचं नाव आणि जुना पत्ता, आणि वडील आज हयातही नसतील.

अशा वेळी नूतनीकरण जुन्याच नावानं होऊन जातं, कार्यालय अडवत नाही, आणि म्हणूनच गाफीलपणा येतो. त्रास पुढं होतो. कुणी नक्कल केली आणि तुम्ही नोटीस पाठवली, की समोरचा पहिला प्रश्न विचारतो: मालक कोण? नोंदवहीतली कंपनी वेगळी आणि माल विकणारी कंपनी वेगळी असेल, तर प्रकरण तिथंच ढिलं पडतं.

माद्रिदमध्ये यासाठी दोन वेगळे फॉर्म आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. माणूस किंवा कंपनी तीच आहे, फक्त नाव-पत्ता बदललाय, तर एमएम-९, शुल्क १५० स्विस फ्रँक. मालकीच दुसऱ्याकडे गेलीय, म्हणजे वडिलांकडून भागीदारीकडे किंवा भागीदारीकडून कंपनीकडे, तर एमएम-५, शुल्क १७७ स्विस फ्रँक. एकट्याच्या मालकीची पेढी प्रायव्हेट लिमिटेड झाली, तर नाव ‘तेच’ वाटलं तरी कायद्यानं मालक बदललेला असतो. वारसाहक्काचा मामला असेल तर हस्तांतराचे कागद आधी इथं पक्के करा, मग जिनिव्हाकडे जा. ईमेलचा पत्ताही तपासा. वायपो आता सगळा पत्रव्यवहार ईमेलवरच करते, आणि जुन्या फायलींत कुठल्यातरी सोडून गेलेल्या कारकुनाचा ईमेल दिलेला असतो.

एक गोष्ट याहून गंभीर आहे. परदेशातला वितरक ‘तुम्ही कशाला त्रास घेता, मी इथं नोंदवतो’ म्हणतो आणि स्वतःच्या नावावर नोंदवून टाकतो. संबंध गोड असेपर्यंत कळत नाही. ज्या दिवशी वितरक बदलायचा ठरतं, त्या दिवशी आपलंच नाव वापरायची बंदी आपल्यावर येते. एजंटानं मालकाच्या परवानगीशिवाय केलेल्या अशा नोंदणीला विरोध करायची तरतूद पॅरिस करारात आहे, पण तो लढा त्या देशात, तिथल्या वकिलाच्या दरानं लढावा लागतो. नूतनीकरणाच्या निमित्तानं नोंदवही उघडताय तर हे तपासून घ्याच.

चिन्ह तेच आहे का, माल तोच आहे का?

नूतनीकरणात चिन्ह बदलता येत नाही. दहा वर्षांपूर्वी जसं नोंदवलं तसंच पुढं चालतं. पाकिटाची रचना दरम्यान बदललेली असते. पूर्वी गोलात मिरची होती, आता नुसतं ठसठशीत अक्षरांतलं नाव आहे. किरकोळ फरक चालतो, पण चिन्हाचा चेहराच बदलला असेल तर जुनी नोंदणी नव्या चिन्हाला पुरेसा आधार देत नाही. नव्या चिन्हासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. तो होईपर्यंत जुनी नोंदणी सोडू नये, असं माझं मत आहे.

वर्गही वाढवता येत नाहीत. मसाले, चटणी, गूळ हे ३० व्या वर्गात येतात, लोणचं २९ मध्ये. चप्पल २५, चांदीचे दागिने १४, इचलकरंजीचं कापड २४. फक्त मसाला नोंदवला होता आणि आता लोणचंही पाठवताय, तर लोणच्यासाठी नवा अर्ज. उलट, जो माल पाठवणं बंद केलं त्याचं शुल्क दहा वर्षं भरत राहण्यात अर्थ नाही.

इथं चपलेच्या धंद्यातल्या मित्रांसाठी थोडं थांबतो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ त्यांच्याकडे दिसतो. ‘कोल्हापुरी चप्पल’ हे भौगोलिक मानांकन आहे. २०१९ मध्ये ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांना मिळालं. त्याची नोंद दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर आहे. ते सगळ्या कारागिरांचं आहे, एका दुकानाचं नाही. तुमचा ट्रेडमार्क म्हणजे त्या चपलेवर तुम्ही टाकता ते तुमचं स्वतःचं नाव. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि गावात एकच चर्चा झाली. त्या वेळी अनेकांनी मला विचारलं, ‘आपला ट्रेडमार्क आहे ना, मग?’ मानांकन भारतातल्या कायद्याखाली आहे, आणि तुमचा ट्रेडमार्क तुमच्या नावापुरता. चपलेच्या घाटणीवर यापैकी कशानंही परदेशात आपोआप हक्क मिळत नाही. आपली कला जपायची असेल तर दोन्ही हवेत, पण एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

माद्रिदचं नूतनीकरण: प्रत्यक्ष कृती

मुदत संपायच्या सहा महिने आधी वायपो आठवणीचं पत्र पाठवते. ते मिळालं नाही ही सबब मात्र चालत नाही, नियमातच तसं आहे.

काम वायपोच्या संकेतस्थळावर थेट करता येतं, मुंबईच्या कार्यालयातून जावं लागत नाही. हातानं करायचं तर फॉर्म एमएम-११, पण ऑनलाइनच करा. आंतरराष्ट्रीय क्रमांक टाकला की तुमचे सगळे देश समोर येतात, आणि इथंच थांबून विचार करायचा असतो. कुठल्या देशात खरोखर माल जातो? कुठल्या देशानं पूर्वी नकार दिला होता? पुढच्या तीन-चार वर्षांत कुठं जायचा विचार आहे? जो देश नको तो या वेळी सोडून देता येतो. पण सोडलेला देश पुन्हा हवा झाला तर नव्यानं घ्यावा लागतो, आणि तारीखही नवी लागते. मधल्या काळात कुणी तिथं ते नाव घेतलं तर त्याची तारीख तुमच्या आधीची. वितरक गेला म्हणून रागानं देश सोडू नका.

शुल्क स्विस फ्रँकमध्ये. मूळ शुल्क ६५३ फ्रँक. त्यावर देशागणिक: काहींना १०० फ्रँक आणि तीनपेक्षा जास्त वर्ग असतील तर वरच्या प्रत्येक वर्गाला १००. अमेरिका, युरोपियन युनियन, ऑस्ट्रेलिया यांसारख्यांनी स्वतःचा वेगळा दर ठरवलेला आहे. हे दर बदलत राहतात. म्हणून वायपोच्या शुल्क गणकात क्रमांक आणि देश घालून त्या दिवशीचा आकडा काढा, मागच्या वेळच्या पावतीवरून ठरवू नका. मुदत उलटून सहा महिन्यांच्या आत भरलं तर मूळ शुल्काच्या निम्मं, म्हणजे ३२६.५० फ्रँक जास्त.

पैसे पाठवताना एक अडचण जवळपास सगळ्यांना येते. बँकेतून परदेशी रक्कम पाठवली की मधली बँक आपला खर्च कापून घेते आणि जिनिव्हाला पोचणारी रक्कम दहा-वीस फ्रँकनं कमी भरते. कमी शुल्क म्हणजे अपुरं शुल्क, आणि नूतनीकरण अडकतं. बँकेच्या फॉर्मवर सगळे खर्च पाठवणाऱ्याकडे अशी खूण करायला सांगा. शाखेत परदेशी व्यवहार रोज होत नसतील तर सी.ए.कडून कागद आधी तयार करून घ्या, आयत्या वेळी चार दिवस तिथंच जातात. क्रेडिट कार्डानं भरायचं तर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू आहेत का आणि मर्यादा पुरते का, ते आदल्या दिवशी बघा.

काम झालं की वायपो नूतनीकरणाचं प्रमाणपत्र देते आणि संबंधित देशांना कळवते. प्रमाणपत्रावरचे देश मोजा. एखादा गळला असेल तर सवलतीची मुदत संपायच्या आत तो घालता येतो.

अमेरिका: जिथं आमचं चुकलं

अमेरिकेचा कायदा वापरावर उभा आहे. नाव नोंदवलंय पण वापरत नाही, तर नोंदणी टिकत नाही, आणि वापरताय हे तुम्ही वेळोवेळी शपथेवर सांगावं लागतं. थेट नोंदणी असेल तर पाचव्या आणि सहाव्या वर्षाच्या मध्ये कलम ८ चं घोषणापत्र, मग नवव्या आणि दहाव्याच्या मध्ये कलम ८ चं घोषणापत्र आणि कलम ९ चं नूतनीकरण एकत्र. माद्रिदमधून गेलेल्यांसाठी त्याचंच भावंड कलम ७१. हे घोषणापत्र वायपोकडे जात नाही. ते थेट अमेरिकेच्या पेटंट आणि ट्रेडमार्क कार्यालयात द्यायचं असतं.

म्हणजे माद्रिदवाल्याची अमेरिकेत दोन घड्याळं चालतात. समजा आंतरराष्ट्रीय नोंदणी १२ मार्च २०१६ ची आहे आणि अमेरिकेनं प्रमाणपत्र दिलं २० जून २०१७ ला. वायपोचं नूतनीकरण १२ मार्च २०२६ ला. पण कलम ७१ चं घोषणापत्र २० जून २०२२ ते २० जून २०२३ या काळात द्यायचं. ते राहिलं तर जादा शुल्कासह २० डिसेंबर २०२३ पर्यंत. पुढचं २० जून २०२६ ते २० जून २०२७. वायपोचं नूतनीकरण वेळेवर करून अमेरिकेचं शुल्क भरलं आणि घोषणापत्र दिलं नाही, तरी अमेरिकेतलं संरक्षण जातं. आमचंही घोषणापत्रच राहिलं, नूतनीकरणाची वेळ यायच्या आधीच. आमचं अमेरिकी प्रमाणपत्र ऑगस्ट २०१५ चं, सहावं वर्ष ऑगस्ट २०२१ ला भरलं आणि सवलत फेब्रुवारी २०२२ ला संपली. ती दोन वर्षं कोरोनाची होती, वडील आजारी होते, आणि फाईल उघडायचं कुणाच्या मनातही आलं नाही. पुढं माद्रिदच्या एमएम-४ फॉर्मनं अमेरिका पुन्हा जोडून घेतली, पण तारीख नवी लागली. जुनी तारीख कुठल्याही शुल्कानं परत मिळत नाही.

ज्याचं मूळ ठिकाण अमेरिकेबाहेर आहे त्याला ३ ऑगस्ट २०१९ पासून अमेरिकेचा परवानाधारक वकील नेमणं सक्तीचं आहे. त्याची फी आधीच हिशेबात धरा. सरकारी शुल्क १८ जानेवारी २०२५ पासून घोषणापत्राला प्रत्येक वर्गामागे ३२५ डॉलर, उशीर झाला तर वर्गामागे आणखी १०० डॉलर. थेट नोंदणीवाल्याला दहाव्या वर्षी नूतनीकरणाचे वेगळे ३२५ धरून वर्गामागे ६५० लागतात.

पुरावा म्हणून नाव छापलेल्या पाकिटाचा किंवा चपलेच्या लेबलचा फोटो चालतो. विक्रीचं वेबपान दिलं तर त्याचा पत्ता आणि पान बघितल्याची तारीख लागते. माल अमेरिकेत विकला गेलेला हवा, कोल्हापूरच्या दुकानातल्या मांडणीचा फोटो उपयोगाचा नाही. यादीत मसाले, चटणी, गूळ, चहा असं सगळं असेल आणि तिथं फक्त मसाला जात असेल, तर बाकीचं स्वतःहून काढून टाका. मोह होतो, ‘असू दे की, कोण बघतंय.’ बघतात. २०१७ पासून तिथं नमुन्यादाखल तपासणी होते, यादीतल्या इतर वस्तूंचा पुरावा मागतात, आणि तेव्हा वस्तू काढायची तर वर्गामागे २५० डॉलर पडतात. खोटं घोषणापत्र दिल्याचं निघालं तर नोंदणीवरच गदा येऊ शकते.

वापराचं घोषणापत्र मागणारी अमेरिका एकटी नाही. मेक्सिको आणि फिलिपिन्सही मागतात.

युरोप आणि ब्रिटन आता वेगळे

युरोपियन युनियनच्या थेट नोंदणीचं नूतनीकरण सोपं आहे. पहिल्या वर्गाला ८५० युरो, दुसऱ्याला ५०, तिसऱ्यापासून पुढं प्रत्येकी १५०. मुदतीच्या सहा महिने आधीपासून भरता येतं, उशीर झाला तर २५ टक्के जादा. नूतनीकरणाच्या वेळी वापराचा पुरावा मागत नाहीत. पण सलग पाच वर्षं वापर नसेल तर कुणीही नोंदणी रद्द करायची मागणी करू शकतो. म्हणून निर्यातीची बिलं, शिपिंग बिलं आणि दर वर्षीच्या पाकिटाचा एक फोटो फाईलला लावत जा.

खरा सापळा ब्रिटनचा. ब्रेक्झिटनंतर १ जानेवारी २०२१ ला ब्रिटननं युरोपीय नोंदणीची स्वतःची जुळी नोंदणी आपोआप, फुकट तयार केली. थेट युरोपीय नोंदणीच्या जुळ्याचा क्रमांक यूके००९ नं सुरू होतो, माद्रिदमधून युरोप घेतलेल्यांचा यूके००८ नं. तुम्हाला त्याचं प्रमाणपत्र टपालानं आलं नाही, म्हणून ती आहे हेच कित्येकांना माहीत नाही. मुदत युरोपीय नोंदणीच्याच तारखेला संपते, पण नूतनीकरण ब्रिटनच्या कार्यालयात वेगळं करावं लागतं. माद्रिदच्या नूतनीकरणात यूके००८ येत नाही. २०२१ च्या आधी युरोपात नोंदणी केली असेल तर ब्रिटनच्या नोंदवहीत आपलं नाव आजच शोधा.

आखाती देश आणि मुखत्यारपत्र

संयुक्त अरब अमिराती २८ डिसेंबर २०२१ पासून माद्रिदमध्ये आहे. त्याआधी दुबईसाठी थेट नोंदणीच करावी लागायची, त्यामुळे आपल्याकडच्या बऱ्याच फायली तशाच आहेत. थेट नोंदणीचं काम तिथला एजंट करतो आणि त्याला मुखत्यारपत्र लागतं. ते नोटरी, राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय आणि मग त्या देशाचा दूतावास अशा क्रमानं साक्षांकित करावं लागतं. कोल्हापुरातून हे करायचं म्हणजे मुंबईच्या खेपा आल्या. जुनं मुखत्यारपत्र अजून चालतं का ते एजंटाला आधी विचारा, आणि चालत नसेल तर चार महिने हातात ठेवून सुरुवात करा. मुखत्यारपत्रावरचं नाव आणि नोंदवहीतलं नाव अक्षरन् अक्षर जुळायला हवं.

खोटी बिलं

नोंदणी सार्वजनिक असते, म्हणून मुदत जवळ आली की तुमचा पत्ता ठगांनाही दिसतो. मग सरकारी वाटावं असं बोधचिन्ह, तुमचं चिन्ह, बरोबर क्रमांक आणि ‘ताबडतोब भरा’ अशी रक्कम असलेलं पत्र किंवा ईमेल येतं. आमच्याकडे एका वर्षात अशी तीन आली, त्यातलं एक इतकं हुबेहूब होतं की धाकट्या भावानं पैसे पाठवायची तयारी केली होती. वायपो स्वतःच्या संकेतस्थळावर अशा पत्रांचे नमुने ठेवते, ते एकदा बघून घ्या. नियम साधा ठेवा: आलेल्या पत्रातल्या खात्यावर किंवा दुव्यावर कधीच पैसे भरायचे नाहीत. कार्यालयाचं संकेतस्थळ स्वतः उघडायचं, क्रमांक टाकायचा, आणि तिथं मागणी दिसली तरच भरायची. घरात हिशेब बघणाऱ्या प्रत्येकाला हे सांगून ठेवा, कारण असं पत्र नेमकं तुम्ही गावाला गेलेले असताना येतं.

मुदत उलटून गेलीच असेल तर

आधी दिवस मोजा. सहा महिन्यांच्या आत असाल तर आजच भरा, बाकी दुरुस्त्या नंतर. सहा महिने उलटले असतील तर देशागणिक चौकशी करा. भारतात मुदत संपल्यापासून वर्षाच्या आत पुनर्स्थापना मागता येते, ब्रिटनमध्येही नोंदवहीतून नाव काढल्यावर सहा महिन्यांच्या आत कारण देऊन मागता येते. माद्रिदची नोंदणी मात्र सवलतीनंतर संपते आणि नवा अर्ज करावा लागतो. त्या वेळी त्या देशात कुणी तुमच्यासारखं नाव टाकलंय का ते आधी शोधा आणि अर्जाला एक दिवसही लावू नका. दरम्यान पाकिटावरची नोंदणीची खूण काढून टाका. नोंदणी नसताना ती छापणं बऱ्याच देशांत गुन्हा आहे, आपल्याकडेही आहे. आम्ही अमेरिकेची सगळी छापील पाकिटं बाजूला काढली आणि खुणेवर चिकटपट्टी लावत दोन रात्री घरातले सगळे बसलो होतो. वडीलही बसले होते. नवी तारीख त्यांनी स्वतःच्या हातानं वहीतल्या कागदावर लिहिली, आणि त्याखाली सहाव्या वर्षाची.